‘बरं आहे, सायेब’ : एका होकाराचा इतिहास

आपल्या जिल्ह्यात बातमीदारी करणाऱ्या कुणालाही एक वाक्य पाठ असतं. ‘बरं आहे, सायेब.’ पाणी येतं का? येतं. रेशन मिळतं का? मिळतं. डॉक्टर येतात का? येतात ना. मग वही मिटायची, चहा घ्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि उठता उठता कुणीतरी हळूच सांगतं की नळ होळीपासून कोरडा आहे. मोखाडा असो, विक्रमगड असो, तारापूरचा किनारा असो नाहीतर बोईसरच्या चाळी, थोड्याफार फरकाने हेच.

याला खोटं बोलणं म्हणता येत नाही. समोरच्याचा मान राखणं म्हणा, भीती म्हणा, ‘याला सांगून काय होणार’ हा अनुभव म्हणा. पण हे नक्की काय आहे आणि किती आहे, हे कुणी मोजलं का? मोजलंय. आणि गंमत अशी की ते मोजायला माणसाला यंत्रासमोर बसवावं लागलं. एआयवरची आपली चर्चा नोकऱ्या जाणार की राहणार याच्या पुढे सरकत नाही. पण माणूस यंत्राशी कसा वागतो याचा अभ्यास गेली साठ वर्षं चालू आहे, आणि त्यातून यंत्राइतकंच, कधी कधी जास्तच, माणसाबद्दल कळत गेलंय. त्या इतिहासातलं एक पान आपल्याच जिल्ह्यातलं आहे, मोखाडा तालुक्यातल्या आमले गावाचं. त्याच्याकडे येतो, पण आधी थोडं मागे जाऊ.

आपल्याकडे वही घेऊन येणारा पहिला मोठा ‘सायेब’ खराच साहेब होता. १९३७ साली मुंबई प्रांताच्या सरकारने डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याला आदिवासी भागाची पाहणी करायला नेमलं. डहाणू, शहापूर हे तालुके आणि मोखाडा, उंबरगाव ही पेटे त्याच्या कक्षेत होती. १९३९ साली अहवाल छापला गेला. वेठ, सावकारी, जंगल ठेकेदारांची लूट, सगळं त्यात आहे, आणि त्या काळातल्या सरकारी कागदाच्या मानाने बरंच स्पष्ट आहे. पण जंगलातला माणूस त्याला दिसला तो दबलेला, बुजरा, नाडला गेलेला.

मग सहाच वर्षांनी काय झालं? २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि जमीनदाराची वेठ करणार नाही असं ठरवून उठले. पुढे १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण गेले, तरी चळवळ मोडली नाही. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मुळे हा इतिहास महाराष्ट्राला माहीत झाला.

सहा वर्षांत कुठल्या माणसाचा स्वभाव असा मुळापासून बदलतो का? मला नाही वाटत. बदललं होतं ते विचारणारं तोंड, आणि शेजारी कोण बसलंय ते. एकट्या वारल्याला सरकारी अधिकाऱ्याने पडवीत उभं करून विचारलेला प्रश्न आणि झरीच्या माळावर आपल्या माणसांत बसून ऐकलेला प्रश्न, शब्द तेच असले तरी प्रश्न दोन आहेत. बुजरेपणा त्या माणसात नव्हता, त्या भेटीत होता. पण अहवालात तो माणसाच्या नावावर पडला.

आता यंत्राकडे वळतो.

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाम या प्राध्यापकाने एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आजच्या चॅटबॉटची पणजीच म्हणा. अक्कल तिला काडीची नव्हती. तुम्ही ‘मी उदास आहे’ असं टाइप केलं की तुमचेच शब्द फिरवून ती ‘तुम्ही उदास का आहात?’ असं काहीतरी विचारायची. वायझेनबामच्या सेक्रेटरीने तो प्रोग्रॅम महिनोन्‌महिने तयार होताना पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडा वेळ बोलल्यावर तिने वायझेनबामला सांगितलं, तुम्ही जरा खोलीबाहेर जा. तो हादरला. समोर यंत्र आहे हे पक्कं ठाऊक असूनही माणूस त्याच्याशी माणसासारखा वागतो, हे त्याला त्या दिवशी दिसलं. यंत्र बनवणारा माणूस पुढे यंत्रांचा मोठा टीकाकार झाला.

तीसेक वर्षांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लिफर्ड नॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट मोजायला घेतली. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो थेट आपल्या पडवीतला वाटतो. लोकांना एका कॉम्प्युटरवर थोडं शिकवलं. मग विचारलं, या कॉम्प्युटरने काम कसं केलं? काहींना हा प्रश्न त्याच कॉम्प्युटरने विचारला, काहींना शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरने, काहींना कागदावर. ज्यांना त्याच कॉम्प्युटरने विचारलं त्यांनी जास्त चांगले शेरे दिले. म्हणजे लोखंडाच्या डब्याच्या तोंडावर त्याला नावं ठेवायची माणसाला लाज वाटली! ही शिकली-सवरलेली, कॉम्प्युटर वापरणारी माणसं होती. असं का केलं विचारल्यावर बहुतेकांनी ‘छे, कॉम्प्युटरशी कोण नम्र वागतं’ असंच म्हटलं असतं. तोंडदेखलं बोलणं हा गरिबाचा किंवा अडाण्याचा गुण नाही हे तिथे सिद्ध झालं. फक्त ज्याच्यापुढे पर्याय कमी, त्याला ते जास्त करावं लागतं.

किती जास्त? याचा आकडा बंगळुरूमधून आला. २०१२ साली निकोला डेल, इंद्राणी मेधी, बिल थीस आणि सहकाऱ्यांनी ४५० मुलाखतींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. युक्ती साधी होती. माणसासमोर दोन अगदी सारख्या गोष्टी ठेवायच्या आणि एकीबद्दल सुचवायचं की ही मी बनवलीय. मग विचारायचं, कुठली आवडली? विचारणाऱ्याने बनवलेली वस्तू आवडली म्हणण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली. विचारणारी व्यक्ती परदेशी आणि सोबत दुभाषा असेल तर पाच पट. पुढे तर त्यांनी मुद्दाम आपली वस्तू उघड उघड खराब करून ठेवली. तरी लोक म्हणाले, तुमचीच बरी.

हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचे किती तरी सर्व्हे आठवले. संस्था येते, चूल देते किंवा पाण्याचा फिल्टर देते, सहा महिन्यांनी तीच संस्था विचारायला येते. तिच्या अहवालात ‘लाभार्थी समाधानी’. समाधानाचा टक्का नेहमी नव्वदीच्या घरात का असतो, याचं उत्तर त्या अडीच आणि पाचमध्ये आहे. आपल्या अनेक योजनांचे कागद याच टक्क्यांवर उभे आहेत.

आता आमले. डोंगराच्या कुशीतलं मोखाड्याचं गाव. मोखाडा-जव्हारकडची गत तुम्हाला सांगायला नको. भात कापून झालं, दिवाळी सरली की कुटुंबंच्या कुटुंबं वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर नाहीतर नाक्यावर बिगारीला. पावसाळ्याच्या तोंडाला परत. घरातली बोली वारली नाहीतर ठाकरी, मराठी शाळेत भेटलेली.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरू प्रयोगशाळेतल्या मनू चोप्रा, विवेक शेषाद्री आणि सहकाऱ्यांना पाहायचं होतं की ज्यांना इंग्रजी येत नाही, कॉम्प्युटर माहीत नाही, अशा खेड्यातल्या माणसाला मोबाइलवर मोबदल्याचं डिजिटल काम करता येईल का. या अभ्यासाच्या जागांत आमले होतं. स्वस्तातल्या फोनवर हाताने लिहिलेला देवनागरी शब्द दिसायचा, तो वाचून टाइप करायचा. दोन आठवडे हे चाललं. २०१९ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या परिषदेत निष्कर्ष मांडले गेले. अचूकता ९६.७ टक्के. अशा माणसांकडून करून घेतलेलं काम व्यावसायिक टायपिंग कंपनीच्या तोडीचं ठरलं.

बंगळुरूच्या त्या ‘तुमचीच बरी’ अभ्यासातले थीस आणि मेधी या अभ्यासातही होते. म्हणजे लोक आपल्याला खूश करायला ‘छान आहे’ म्हणतात हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. पण ९६.७ टक्के हा आकडा कुणाच्या म्हणण्यावर नाही, केलेल्या कामावर आहे. साहेबाला बरं वाटावं म्हणून अडीच पट अचूक टाइप करता येत नाही. ‘खेड्यातल्या आदिवासीला हे जमणार नाही’ हे म्हणणं आणि ‘होय सायेब, जमेल’ हे म्हणणं, दोन्ही बाजूला सारून नुसतं काम बोललं. माझ्या मते माणूस आणि यंत्राच्या अभ्यासाची खरी किंमत इथे आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक निरीक्षण आहे, आणि मी अडकलो ते तिथे. लोकांचा उत्साह इतका होता की ॲपच्या अतिवापरावर मर्यादा घालावी अशी शिफारस संशोधकांनी केली. शिफारस योग्यच आहे. डोळे फुटेपर्यंत फोनवर बसू नये कुणी. पण ‘उत्साह’ हा शब्द मला पुरत नाही. मोखाड्यातल्या माणसाला घरी बसून, पोरं शाळेत ठेवून, सावलीत करायचं काम दिसलं. ते कधी संपेल याचा भरवसा नाही. मग तो मिळेल तेवढं करून घेणार नाही तर काय करणार? रोहयोवर मस्टर निघालं की आपण हेच पाहतो. याच माणसांना ‘यांना काम नको असतं’ म्हणणारे लोक पालघरच्या हॉटेलांत रोज भेटतात. त्यांनी हा अभ्यास वाचावा. आणि संशोधकांनी मोखाड्यात मार्च महिन्यात एक चक्कर मारून बंद घरांची कुलपं मोजावीत, मग उत्साहाचं मूळ कळेल. यंत्राने वागणं अचूक मोजलं. त्या वागण्याचा अर्थ मात्र यंत्रात नव्हता, तालुक्यात होता.

पुढच्याच वर्षी, २०२० साली, याच लोकांनी आवाजाचा अभ्यास केला. मराठी बोलणाऱ्या ३६ जणांकडून १०९ तासांचं रेकॉर्डिंग जमवलं. खेड्यातले गरीब, शहरातले गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी असे तीन गट. गरिबांच्या रेकॉर्डिंगचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा निघाला. यातूनच पुढे २०२१ मध्ये कार्या नावाची वेगळी संस्था झाली. एआयला शिकवण्यासाठी लागणारी भाषेची सामग्री ती सामान्य लोकांकडून घेते आणि तासाला सुमारे पाच डॉलर देते. म्हणजे चारशे रुपयांच्या वर. महाराष्ट्रात रोहयोची २०२५-२६ ची मजुरी अख्ख्या दिवसाला ३१२ रुपये होती. ज्या माणसाच्या बोलण्याला आपण ‘गावठी’ म्हणून हसतो, त्या बोलण्याचा हा बाजारभाव.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. साहेबाऐवजी यंत्राला विचारू द्या, लोक खरं सांगतील. अमेरिकेत याला दुजोराही आहे. २०१४ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगात पडद्यावरच्या एका आभासी मुलाखतकर्तीशी लोक बोलले. पलीकडे माणूस नाही, नुसता कॉम्प्युटर आहे असं ज्यांना सांगितलं होतं, ते जास्त मोकळे झाले.

पण आपल्या पुण्यातला अनुभव सावध करणारा आहे. २००५ साली रुक्मिणी पोतदार आणि मायकेल कोनिग यांनी पुण्यातल्या अविवाहित तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. विषय नाजूक होता, लैंगिक वर्तनाचा. काहींना माणसाने समोरासमोर विचारलं, काहींनी स्वतः लिहून दिलं, काहींना हेडफोन लावून कॉम्प्युटरने विचारलं. कॉलेजची मुलं कॉम्प्युटरपुढे जास्त बोलली. वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत मात्र कॉम्प्युटरची ही जादू चालली नाही. का ते मला बोईसरमध्ये राहून समजू शकतं. ज्याने कॉम्प्युटर फक्त बँकेत आणि तहसीलमध्ये, साहेबाच्या टेबलावर पाहिलाय, त्याच्यासाठी तो डबा मुका नाही. तो साहेबाचाच आहे.

आणि मोबाइल? तो तरी कुठे एकट्याचा असतो! भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ बायकांशी बोलून २०१८ साली एक अभ्यास झाला. फोन घरात सगळे वापरतात, म्हणून बायका ॲपला कुलूप लावतात, मेसेज पुसून टाकतात. बोईसरच्या दहा बाय दहाच्या खोलीत चॅटबॉटने ‘तुम्हाला घरात काही त्रास आहे का?’ असं विचारलं, तर तो प्रश्न नवऱ्यालाही ऐकू जातो.

बोईसरचंच आणखी एक घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात सगळ्यात वर होतं. त्या काळातही पट्ट्यातल्या कंत्राटी कामगाराला वासाबद्दल विचारलं की उत्तर यायचं, ‘सवय झालीय.’ ज्याचा गेटपास ठेकेदाराच्या हातात आहे, तो दुसरं काय सांगणार? तोच कामगार सुट्टीत गावी, गोरखपूरला नाहीतर धुळ्याला गेला की तिथे काय सांगतो, ते कधी ऐका.

आता या होकाराची उलटी बाजू. आजचे चॅटबॉट बोलायला कसे शिकतात? त्यांच्या शिक्षणाचा एक भाग असा असतो की दोन उत्तरं माणसांना दाखवायची आणि कुठलं बरं वाटतं ते विचारायचं. २०२३ साली अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की माणसं कधी कधी बरोबर उत्तरापेक्षा आपल्या मताला मान डोलावणारं उत्तर पसंत करतात, आणि यंत्र तेच शिकतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचा एक बदल काही दिवसांत मागे घ्यावा लागला, कारण ते यंत्र प्रत्येक गोष्टीला ‘वा, काय कल्पना!’ म्हणू लागलं होतं. म्हणजे जे आमच्या गावाने शतकभर साहेबांपुढे केलं, ते आता यंत्र आपल्यापुढे करतंय. आणि आपल्याला ते आवडतंय, हे सगळ्यात वाईट. साहेबाला आपला होकार का गोड लागायचा, ते आता आपणच साहेबाच्या खुर्चीत बसून अनुभवतोय.

हा सगळा प्रपंच आत्ता कशासाठी? कारण हे आता आपल्या बांधावर आलंय. राज्याने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूद केली. महाविस्तार ॲपवर शेतकरी मराठीत प्रश्न विचारू शकतो. चांगली गोष्ट आहे, मी विरोधात नाही. पण उद्या या चॅटबॉटच्या समाधानाचा टक्का जाहीर होईल. आमच्यासारख्यांना प्रेसनोट येईल. तेव्हा तो टक्का कुणी विचारला, हे आधी विचारायला हवं. ज्याने सल्ला दिला त्याच ॲपने विचारला असेल, तर स्टॅनफर्डचा कॉम्प्युटर आठवावा. त्यापेक्षा मला दोन साधे आकडे द्या. एकदा प्रश्न विचारलेले किती शेतकरी पुन्हा विचारायला आले? आणि सांगितलेली फवारणी किती जणांनी खरोखर केली? हे ‘म्हणणं’ नाही, ‘करणं’ आहे, आणि ते मोजता येतं हे आमल्याने दाखवलंय.

आणखी एक गोष्ट धोरण लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटतेय. आपल्याकडे ॲप चालवतो कोण? म्हातारी स्वतः टाइप करत नाही. ती सेतू केंद्रातल्या पोराला सांगते, अंगणवाडीच्या ताईंना सांगते, नाहीतर नातवाला. ती म्हणते एक, तो लिहितो दुसरं, कारण त्याच्या मागे रांग असते आणि वारली शब्द कीबोर्डवर पटकन उमटत नाही. सर्व्हरवर नोंद पडते ती ‘शेतकरी, महिला, वय ६५, तालुका जव्हार’ या नावाने. प्रश्न शुद्ध मराठीत, अगदी व्याकरणासकट. उद्या कुणी संशोधक त्या लाखो नोंदी घेऊन बसेल आणि जव्हारची म्हातारी यंत्राशी कशी वागते यावर निबंध लिहील. त्यात असेल ते सेतू केंद्रातल्या, बारावी झालेल्या, दुपारी दोनला शटर ओढायची घाई असलेल्या पोराचं वागणं.